मुलगा सारखा आजारी पडतो, इम्युनिटी कमी आहे का? आणि तुमचे आणखी काही प्रश्न

गेल्या अंकात "आजार आणि आपलं शरीर यावर काय विचारायचं ते विचारा" असं म्हटलं होतं आणि प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळे घेता आले नाहीत, त्याबद्दल सॉरी. पण वाचताना एक गोष्ट जाणवली की प्रश्न कुठूनही सुरू झाला तरी शेवटी गाडी "इम्युनिटी वाढवायची कशी" इथेच येऊन थांबते. मला वाटतं ती वाढवायच्या मागे लागण्याआधी ती काम कशी करते हे बघू, म्हणजे निम्मी काळजी तिथेच संपेल आणि उरलेली निम्मी जिथे करायला पाहिजे तिथे करता येईल. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे. आणि हे सगळं सर्वसाधारण आहे बरं का, तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून जे सांगितलंय ते यापेक्षा महत्त्वाचं.

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. प्लेग्रुपला जायला लागल्यापासून दर दोन-तीन आठवड्यांनी सर्दी, खोकला, मध्येच ताप. एक संपतंय तोवर दुसरं सुरू. घरातले सगळे म्हणतात याची इम्युनिटीच कमी आहे. खरंच तसं असेल का?

तुमची तगमग समजते, रात्र रात्र जागून परत सकाळी कामाला जायचं म्हणजे सोपं नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी हे त्या वयाचं नेहमीचंच वाटतंय. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल धरतात आणि प्लेग्रुपला जाणाऱ्या मुलांना तर त्याहूनही जास्त वेळा होते. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला कधीकधी त्याच्याही पुढे रेंगाळतो, आणि यातल्या बऱ्याचशा थंडीच्या महिन्यांत एकामागोमाग येतात, मग घरच्यांना वाटतं की हा बारा महिने आजारीच आहे.

असं का होतं ते सांगते. बाळ जन्माला येतं तेव्हा आईच्या रक्तातल्या अँटिबॉडीज (जंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिनं) नाळेतून त्याच्याकडे आलेल्या असतात, नंतर आईच्या दुधातूनही संरक्षण मिळतं, पण नाळेतून आलेला साठा पहिल्या वर्षात हळूहळू संपतो. त्यानंतर त्याला स्वतःचा साठा तयार करावा लागतो आणि तो तयार होतो त्या त्या जंतूची गाठ पडली की किंवा त्याची लस मिळाली की. आता सर्दी करणारे व्हायरस दोनशेच्या वर आहेत, त्यातल्या एका रायनोव्हायरसचेच दीडशेपेक्षा जास्त प्रकार, आणि एकाशी झुंज देऊन जे शिकलं ते दुसऱ्याच्या वेळी फारसं कामाला येत नाही. मोठ्यांना वर्षाला दोन-तीनदाच सर्दी होते ती यामुळेच, त्यांची बऱ्याच व्हायरसशी आधी ओळख झालेली असते. तेव्हा तुमच्या मुलाची इम्युनिटी कमी आहे असं नाही, ती सध्या शिकतेय.

मग खरी काळजी कधी करायची? वर्षात दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया झाला, कान चार-चार वेळा फुटला किंवा कानात इन्फेक्शन झालं, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक पडत नाही, वजन वाढतच नाहीये, अंगावर खोल गळवं परत परत येतात, तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो आणि जातच नाही, किंवा घराण्यात कुणाला जन्मतःच प्रतिकारशक्तीचा आजार होता. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तपासण्या करून घ्या, टाळाटाळ नको. आणि यातलं काही नसेल, सर्दी गेली की पोरगं खेळतंय, जेवतंय, उंची-वजन वाढतंय, तर त्याला वाढू द्या. फक्त एक करा, घरात त्याच्यासमोर सिगरेट अजिबात नको, त्या धुराने मुलांचे कान आणि छाती खरोखर जास्त वेळा बिघडतात.

प्रश्न: सर्दीत नाकातून पातळ पाणी येत होतं तोपर्यंत ठीक होतं, आता चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवा झालाय. म्हणजे इन्फेक्शन आत गेलं ना? मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का?

नका घेऊ. आणि त्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवूही नका, हे आधी सांगते मग कारण.

हिरवा रंग जंतूंचा नसतो हो, तो तुमच्या स्वतःच्या पेशींचा असतो. नाकाच्या आतल्या अस्तरात व्हायरस घुसला की तिथल्या पेशी केमिकलचे सिग्नल सोडतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. या पेशी जंतू मारायला एक एन्झाइम वापरतात, त्या एन्झाइममध्ये लोह असतं आणि त्याचा रंगच मुळी हिरवा आहे. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी अशा लाखो पेशी तिथे कामी आलेल्या असतात, त्यांच्यातलं ते हिरवं द्रव्य शेंबडात मिसळतं आणि आपण घाबरतो. व्हायरसच्या साध्या सर्दीतही हे होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून बॅक्टेरिया आहे की व्हायरस हे डॉक्टरलाही सांगता येत नाही.

अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. तुम्ही त्या चार गोळ्या घेतल्या तर सर्दीच्या व्हायरसला काही होणार नाही, पण पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतील, जुलाब लागू शकतात आणि जे चिवट बॅक्टेरिया त्यातून वाचतील त्यांना मोकळं रान मिळेल. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या भाषणातच बजावून ठेवलं होतं की अपुरा डोस घेतला तर जंतू औषधाला सरावतील. आणि झालंही तसंच, पूर्वी ज्या गोळ्यांनी माणसं वाचायची त्यातल्या कित्येक आज निरुपयोगी झाल्यात. हे मला फार मनापासून सांगावंसं वाटतं, कारण याचं नुकसान एकट्या गोळी घेणाऱ्याचं होत नाही, उद्या कुणाला तरी ऑपरेशननंतर इन्फेक्शन होतं आणि त्याला औषधच लागू पडत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं? दहा दिवस होऊनही काहीच उतार नाही, किंवा बरं वाटायला लागलं होतं आणि परत ताप येऊन जास्त झालं, किंवा तीन-चार दिवस भरपूर ताप आणि गालाच्या हाडात, कपाळात ठणका. तेव्हा सायनसमध्ये बॅक्टेरिया शिरले असण्याची शक्यता असते आणि मग डॉक्टर देतील तेच औषध, तेवढेच दिवस.

प्रश्न: ताप आला की लगेच उतरवायचा की राहू द्यायचा? आमच्या घरात यावरून वाद आहेत. सासूबाई म्हणतात ताप अंगात मुरतो, नवरा म्हणतो तापाने जंतू मरतात.

दोघांच्याही म्हणण्यात काळजी आहे पण नवऱ्याचं म्हणणं थोडं जास्त बरोबर आहे. ताप हा स्वतः आजार नाही, शरीराने मुद्दाम केलेली गोष्ट आहे. जंतू दिसला की पांढऱ्या पेशी काही द्रव्यं रक्तात सोडतात, त्यामुळे मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग आहे तो शरीराचं ठरलेलं तापमान वर नेऊन ठेवतो, समजा ९८ च्या जागी १०२. आता शरीर आहे ९८ वर आणि मेंदू मागतोय १०२, त्यामुळे तुम्हाला थंडी वाजते, हुडहुडी भरते, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून हात-पाय गार पडतात. अंग तापलेलं असताना माणूस पांघरूण का मागतो याचं कारण हे आहे. मग औषधाने किंवा आपोआप मेंदूने आकडा खाली आणला की घाम फुटतो. बऱ्याच जंतूंची वाढ त्या वाढलेल्या तापमानात मंदावते आणि आपल्या पेशी जास्त जोमाने काम करतात.

म्हणून १०० किंवा १०१ ताप असलेला मोठा माणूस जर नीट पाणी पितोय, पडून आहे, फार त्रास नाही, तर लगेच गोळी घ्यायलाच पाहिजे असं नाही. पण अंग फुटून आलंय, झोप नाही, मूल चिडचिड करतंय आणि पाणीही पीत नाहीये तर पॅरासिटामॉल जरूर द्या, त्याने बरं वाटेल आणि पाणी पोटात जाईल. त्याने लढाई थांबत नाही. मुलांना डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या, अंदाजाने चमचे नकोत. आणि एक फार महत्त्वाचं, सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्ये आणि सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, वरून परत वेगळी गोळी घेतली की डबल डोस होतो आणि जास्त झालं तर लिव्हरवर येतं, तेव्हा पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. मुलांना आणि टीनएजर्सना तापात ॲस्पिरिन देऊ नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप आला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठायचा. मोठ्यांमध्येही मान आखडली, उजेड सहन होईना, अंगावर जांभळे ठिपके आले, धाप लागली, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागला तर ताप किती आहे हे बघत बसू नका, थेट हॉस्पिटल.

प्रश्न: इम्युनिटी बूस्टर म्हणून इतक्या गोळ्या आणि पावडरी मिळतात. मी सध्या व्हिटॅमिन सी, झिंक आणि डी तिन्ही घेतोय, शिवाय एक मल्टिव्हिटॅमिन. यात अजून काय ॲड करू?

ॲड नको, आधी कमी काय करता येईल ते बघू.

एक विचार करा. प्रतिकारशक्ती म्हणजे एकच गोष्ट नाहीये की जिचं बटण फिरवलं आणि वाढली. कातडी आहे, नाकातला चिकट द्रव आहे, श्वासनळीच्या आतले सूक्ष्म केस आहेत जे सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात, उभ्या पिकावरून वारा जावा तशी त्यांची लाट जाते आणि अडकलेली घाण वर घशाकडे ढकलली जाते, पोटातलं ॲसिड आहे, डोळ्यातल्या पाण्यातलं लायसोझाइम आहे जे बॅक्टेरियाची भिंत फोडतं. हे सगळं ओलांडून जंतू आत आला तर पांढऱ्या पेशी, त्यातल्या न्यूट्रोफिल तर हाडाच्या मगजात रोज दहा हजार कोटींच्या आसपास तयार होतात. मग एकेक जंतू नेमका ओळखणाऱ्या टी पेशी, बी पेशी, अँटिबॉडीज. यातलं नक्की काय बूस्ट करणार? आणि हे सगळं गरजेपेक्षा जास्त जोरात चाललं तर ते चांगलं नसतं. ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी धुळीवर किंवा परागकणांवर शरीराने केलेला हल्ला. टाइप १ डायबेटिसमध्ये शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतं. तेव्हा आपल्याला हवीय ती वेळेवर जागी होणारी आणि काम झालं की शांत होणारी इम्युनिटी, नुसती जास्त नव्हे.

आता गोळ्यांचं. व्हिटॅमिन सीला एवढी प्रसिद्धी मिळाली ती लायनस पॉलिंग यांच्यामुळे, दोन नोबेल मिळालेला माणूस, १९७० पासून ते मोठ्या डोसचा हिरीरीने प्रचार करत होते. पण नंतर खूप ट्रायल झाल्या आणि त्या सगळ्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलं ते असं की रोज सी घेतल्याने साधारण लोकांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी होत नाही, झालेली सर्दी मोठ्यांमध्ये साधारण ८ टक्क्यांनी लवकर संपते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. सर्दी सुरू झाल्यावर गोळ्या चालू करून तर काही खात्रीचा फायदा दिसत नाही. मॅरेथॉन धावणारे किंवा कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे यांना मात्र फायदा दिसला, पण तो गट वेगळा. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर सी गेलं तर पोट बिघडतं आणि मुतखड्याचा धोका वाढू शकतो. झिंक महिनोन्महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की पांढऱ्या पेशीच घटतात, म्हणजे इम्युनिटीसाठी घेतलेली गोळी इम्युनिटीच कमी करते. डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास.

कमतरता असेल तर भरून काढायलाच हवी, त्यात वाद नाही. डीची ब्लड टेस्ट करून घ्या, कमी निघालं तर डॉक्टर सांगतील तो डोस घ्या. पण तुमच्याकडे आत्ता तीन गोळ्या आणि वर मल्टिव्हिटॅमिन आहे ज्यात बहुतेक हेच तिन्ही परत असणार, सगळी पाकिटं समोर ठेवून एकूण मिलिग्रॅम लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. त्या पैशात रोजच्या ताटात फळं, भाज्या, डाळी, अंडी असं काहीतरी वाढवलंत तर जास्त उपयोग होईल, कारण अँटिबॉडी ही शेवटी प्रोटीनची बनते, खाण्यात प्रोटीन नसेल तर ती येणार कुठून.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. परीक्षेच्या आधी रात्री जागून अभ्यास करते आणि दरवेळी बरोब्बर पेपरच्या आदल्या दिवशी आजारी पडते. याला टेन्शन कारणीभूत आहे की अजून काही?

टेन्शन आहेच, पण तुझ्या बाबतीत मला झोपेवर जास्त संशय आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात १६४ धडधाकट माणसांची झोप आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकून त्यांना वेगळं ठेवलं. सगळ्यांना सारखाच व्हायरस मिळाला, पण सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. लस घेण्याच्या आसपास झोप कमी असेल तर अँटिबॉडीज कमी तयार होतात असंही काही अभ्यासांत दिसलंय.

त्यामुळे अभ्यासाचं गणित तूच मांड. जागून मिळवलेले चार तास आणि मग पेपरला डोकं जड, नाक बंद, त्यात काय लिहिणार? निदान शेवटचा आठवडा तरी सात तास झोप घे, ठरलेल्या वेळी. जागं राहायला कॉफीवर कॉफी पिऊ नकोस, संध्याकाळी घेतलेली कॉफी रात्री उशिरापर्यंत अंगात असते.

प्रश्न: ओल्या केसांनी बाहेर गेलं की सर्दी होते का?

व्हायरस असल्याशिवाय सर्दी होत नाही, ओल्या केसांतून तो तयार होत नाही. पण थंडीत सर्दी वाढते हे खरं आहे, लोक दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात, हवा कोरडी असते, आणि रायनोव्हायरसला नाकातलं थोडं गार तापमान मानवतं. खिडकी उघडी ठेवणं हे केस पुसण्यापेक्षा जास्त कामाचं आहे. केस पुसा, पण थंडी वाजू नये म्हणून.

प्रश्न: एका गोष्टीवर मनापासून विचारतो, राग मानू नका. आजार होऊन मिळालेली प्रतिकारशक्ती नैसर्गिक, ती लसीपेक्षा पक्की असते ना? मग गोवरसारखा साधा आजार मुलांना होऊनच जाऊ दिला तर काय बिघडलं?

राग कशाला, खूप जणांच्या मनात हे असतं पण विचारत नाहीत.

तुमच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली, जवळपास ७,८०० वस्तीतले ६,००० लोक आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला आणि त्याने घरोघरी विचारपूस केली. त्याच्या लक्षात आलं की काही म्हातारी माणसं अजिबात आजारी पडली नाहीत, आणि ती नेमकी तीच ज्यांना १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेला होता. मधली ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर फिरकलाही नव्हता, तरी शरीराला त्याची ओळख पटली. पहिल्या वेळी अँटिबॉडीज बनायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण त्यानंतर काही बी आणि टी पेशी तो जंतू लक्षात ठेवून वर्षानुवर्षं टिकतात, आणि तो परत आला की उत्तर इतक्या लवकर मिळतं की आपल्याला कळतही नाही.

पण ती ओळख होण्यासाठी किंमत किती मोजायची हा प्रश्न आहे. गोवर साधा नाही हो. न्यूमोनिया होतो, हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते, मुलं दगावतात. त्यातून २०१९ मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर त्यांच्या शरीरातल्या इतर जंतूंविरुद्धच्या जुन्या अँटिबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे आधी झालेल्या आजारांतून, आधीच्या लसींतून जे कमावलं ते गोवराने घालवलं. ज्याला तुम्ही नैसर्गिक प्रतिकारशक्ती म्हणताय तीच तो खातो. लसीत तीच ओळख करून दिली जाते, त्यातला व्हायरस इतका दुबळा केलेला असतो की ओळख होते पण नासधूस होत नाही.

आणि सगळेच आजार ओळख देतात असंही नाही. धनुर्वात घ्या, त्या जंतूचं विष इतकं जहाल असतं की जीव घ्यायला पुरतं तेवढ्या मात्रेची शरीराच्या इम्युनिटीला दखलसुद्धा घेता येत नाही, त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते. मोठ्यांनी दर १० वर्षांनी बूस्टर घ्यायचा असतो, किती जण घेतात? खरंच, शेवटची धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवून बघा.

अजून एक. गोवर झालेला एक माणूस लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, म्हणून शंभरातल्या ९५ जणांना लस मिळाली तरच साथ थांबते. उरलेल्या पाचांत कोण असतं? लस घ्यायच्या वयाला न पोचलेली तान्ही बाळं, केमोथेरपी चालू असलेली मुलं, ज्यांना ही लस देताच येत नाही अशी माणसं. तुमच्या मुलाला लस दिली की ती बाळंही वाचतात. देवी हा आजार असाच गेला, १७९६ मध्ये एडवर्ड जेनर या इंग्लिश डॉक्टरांनी एका मुलाच्या हातावर गायीच्या देवीची लस टोचली आणि १९८० मध्ये जगातून देवी संपल्याचं जाहीर झालं. तुमच्या मुलाला लवकर घेऊन जा, राहून गेलेले डोस नंतरही देता येतात.

प्रश्न: सॅनिटायझर असताना साबणाने हात धुवायची गरज आहे का?

आहे. हातावर घाण, चिकटपणा असेल तर सॅनिटायझर नीट पोचतच नाही, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो. साबण जंतू हातावरून सुटे करतो, पाणी त्यांना वाहून नेतं, शिवाय ज्या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं ते आवरण साबणाने फाटतं. २० सेकंद, बोटांच्या मध्ये, अंगठा, नखांखाली. पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर चालेल.

व्हिएन्नाच्या एका प्रसूती वॉर्डात एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या अठराहून जास्त बाळंतिणी तापाने गेल्या होत्या. तिथले एक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि काही महिन्यांत ते प्रमाण दोनच्या आसपास आलं. तेव्हा असे आजार जंतूंमुळे होतात हेही सिद्ध झालेलं नव्हतं.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे आहेत, डायबेटिस आहे. मागच्या महिन्यात दोन दिवस नुसते गप्प होते, जेवत नव्हते, जरा असंबद्ध बोलत होते. ताप नव्हता म्हणून आम्ही थांबलो, मग कळलं न्यूमोनिया. आता बरे आहेत. पण ताप कसा नाही आला? आणि पुढे काय काळजी घेऊ?

ते बरे होऊन घरी आले हे वाचून बरं वाटलं. ताप नव्हता म्हणून थांबलात यात स्वतःला दोष देऊ नका, हे सहजासहजी लक्षात येत नाही. वय वाढलं की सगळी यंत्रणा थोडी मंदावते, छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी जिथे टी पेशी तयार होऊन शिकतात ती तर तरुणपणापासूनच आक्रसत जाते, त्यामुळे नवीन जंतूला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि ताप चढवणारे सिग्नलही क्षीण असतात. म्हातारपणी इन्फेक्शनची पहिली खूण बऱ्याचदा ताप नसतेच, अचानक गोंधळणं, जेवण सोडणं, तोल जाऊन पडणं, गुंगीत असणं ही असते. काल ठीक असलेला माणूस आज असा वागायला लागला तर ते वयामुळे असेल असं म्हणून सोडून देऊ नका.

साखर ताब्यात ठेवणं सगळ्यात आधी, कारण रक्तात साखर जास्त असली की न्यूट्रोफिल पेशी नीट काम करत नाहीत. दरवर्षी फ्लूची लस, कारण फ्लूचा व्हायरस सारखा रूप बदलतो आणि लस त्याप्रमाणे बदलावी लागते, मागच्या वर्षीची यावर्षी पुरत नाही. न्यूमोकोकल लस (न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियावरची) आणि नागिणीची लस यांच्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. जेवताना ताठ बसवून जेवू द्या आणि रात्री दात किंवा कवळी स्वच्छ करायला लावा, हे ऐकायला किरकोळ वाटतं पण तोंडातले जंतू ठसक्यातून फुप्फुसात उतरतात आणि वयस्कर लोकांना न्यूमोनिया होण्याचं ते एक मोठं कारण आहे. नातवंडांना सर्दी असेल तर दोन-चार दिवस आजोबांच्या मांडीवर नको.

आणि श्वास मोजायला शिकून घ्या. ते शांत बसलेले किंवा झोपलेले असताना, त्यांना न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. एरवी १२ ते २० असतं. ते चांगले असताना दोन-तीनदा मोजून त्यांचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढे कधी शंका आली तर तुलना करता येईल. २५ च्या वर गेला, किंवा घरी ऑक्सिमीटर असेल आणि त्यावर ९४ च्या खाली दिसायला लागलं, तर ताप असो नसो, त्याच दिवशी दाखवा.